मार्कांचं खोटं माप



दहावीचा निकाल लागला की आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसते पेढे आणि पुष्पगुच्छ असतात. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. आमच्या बिल्डिंगमधली तिन्ही मुलं चांगल्या मार्कांनी पास झाली, आनंद आहे. पण दरवर्षी याच दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं आणि मला ते खटकतं. कुणीतरी हसत म्हणतं, "ही मुलं खरं शिकली हो. ती कोविड बॅच म्हणजे काय, घरात बसून पंच्याण्णव टक्के!" म्हणणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच कुणी काकू, मामी असते. आणि ज्यांच्याबद्दल ती बोलते ती २०२१ ला दहावी झालेली मुलं २०२५ ला पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली, नोकरीचे अर्ज भरायला लागली.

त्या मार्कांवर सही काही एकट्या मुलांची नाही. घरातल्या मोठ्या माणसांची आहे, शाळांची आहे, आणि टोमणा मात्र मुलांना. माझी मुलं तेव्हा केव्हाच नोकरीला लागलेली, नातवंडं लहान, त्यामुळे हे सगळं मला जरा लांबून पाहता आलं. पाहिलं ते लिहिते.

आधी काय झालं होतं ते आठवू या, कारण इतक्या वर्षांत आपण बरंच विसरलो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दहावीचा भूगोलाचा एकच पेपर उरला होता. तो रद्द झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क दिले गेले. त्याच वेळी नववीची वार्षिक परीक्षाही रद्द झाली. हे नववीचं लक्षात ठेवा. ही मुलं पुढे दहावीत आली. राज्यात इतर ठिकाणी नोव्हेंबरपासून मोठे वर्ग थोडे थोडे उघडायला लागले, पण आपल्या मुंबईत शाळा वर्षभर बंदच राहिल्या. सगळी दहावी मोबाइलवर झाली. २० एप्रिल २०२१ ला बोर्डाची परीक्षाच रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि मग सूत्र ठरलं: दर विषयाला शंभरपैकी ५० मार्क नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेचे. म्हणजे अर्धे मार्क ज्या नववीवर होते, तिची वार्षिक परीक्षा झालेलीच नव्हती. उरलेले बरेचसे घरी बसून दिलेल्या चाचण्यांवर.

निकाल १६ जुलै २०२१ ला लागला. ९९.९५ टक्के. पंधरा लाख पंचाहत्तर हजारांवर मुलं होती, त्यातल्या ९५७ जणांना शंभरपैकी शंभर टक्के आणि १,०४,६३३ जणांना नव्वद किंवा त्याहून जास्त. निकाल पाहायची वेबसाइट त्या दिवशी कित्येक तास उघडत नव्हती, ते आठवत असेल. ऑगस्टमध्ये बारावीचा लागला, तो ९९.६३.

मी कॉमर्सची. २०१९ साली नव्वदच्या वर गेलेली मुलं राज्यात २८,५१६ होती. दोन वर्षांत एखाद्या दुकानाची विक्री अशी साडेतीन पटीहून वर गेली तर ऑडिटर पेढे वाटत नाही, आधी गोडाऊनमध्ये माल आहे का ते बघायला जातो. पण सगळा दोष मोबाइलवर टाकणंही बरोबर नाही. २०१९ हे वर्ष कडक होतं. अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषांसारख्या विषयांचे शाळेच्या हातातले २० मार्क त्या वर्षी काढून घेतले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून एकदम ७७.१० वर आला. केवढी ओरड झाली होती तेव्हा! दुसऱ्या बोर्डांची मुलं आपल्या मुलांच्या जागा घेऊन जातील, म्हणून पालक, शाळा, पुढारी सगळे एक झाले. त्याच वर्षी ते २० मार्क परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३०. तेव्हा नव्वदवाले झाले ८३,२६२. म्हणजे फुगा मोबाइलने फुगवला नाही, तो आधीच फुगवायला घेतला होता. मोबाइलने फक्त त्याची दोरी आपल्या घरात, डायनिंग टेबलावर आणून दिली.

आणि त्या टेबलावर काय चाललं होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल.

चाचणी असली की घरात मिक्सर बंद, कुकरच्या शिट्ट्या बंद. मुलगा किंवा मुलगी टेबलाशी, समोर मोबाइल, कॅमेरा पंख्याकडे किंवा नुसत्या कपाळाकडे. बाजूला दुसरा मोबाइल, तो वडिलांचा. त्यावर वर्गाचा तो ग्रुप, ज्यात बाई नसतात. पहिल्या दहा मिनिटांत हुशार मुलं आपापली उत्तरं टाकायची, मग बाकीचे उतरवायचे. गणिताचा प्रश्न असेल तर फोटो काढून गूगलला विचारायचं. आई गाईड उघडून शेजारी, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. काही घरांत मी आजोबांनाही इतिहासाची पानं शोधून देताना पाहिलं आहे, आणि नातवाच्या उपयोगी पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. पेपर गूगल फॉर्मचा असेल तर काम सोपं, पर्याय निवडायचे. लेखी असेल तर पानांचे फोटो काढून पाठवायचे. त्यासाठी सगळे जे ॲप वापरत होते ते चिनी निघालं आणि जून २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा ग्रुपवर जो हलकल्लोळ झाला तो अभ्यास बुडतो म्हणून कधी झाला नव्हता. वेळ कमी पडला तर "नेट गेलं होतं मॅडम" हे वाक्य तयारच. काही क्लासवाल्यांनी तर सोडवलेली उत्तरपत्रिकाच पाठवून द्यायची सोय केली होती, फीमध्येच.

एका शाळेने चाचणीच्या वेळी कॅमेरा चालू ठेवायची सक्ती केली, तेव्हा विरोध मुलांनी केला नाही. पालकांनी केला. डेटा संपतो, घर लहान आहे, मागे कपडे वाळत असतात, अशी कारणं दिली गेली. घर लहान आहे हे खरंच होतं. एका खोलीत वडिलांचं ऑफिस, दुसरीत दोन भावंडांच्या शाळा आणि स्वयंपाकघरात आई, हा आपल्या बोरिवली-मुलुंडच्या बहुतेक घरांचा नकाशा होता. पण कारण ते नव्हतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आपल्याकडे पाप मोजताना तीन खाती असतात हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे: स्वतः केलं ते कृत, दुसऱ्याकडून करवलं ते कारित, आणि कुणी करताना पाहून मान डोलावली ते अनुमोदन. प्रतिक्रमणात आपण तिन्हींची नावं घेतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर यातलं पहिलं खातं लिहा, जरूर लिहा. पण गाईड कुणी उघडून दिलं? दुसरा फोन कुणी दिला? आणि रात्री फोनवर बहिणीला हसत हसत "अगं, आम्ही दोघांनी मिळून दिली आज परीक्षा" हे कुणी सांगितलं? मुलगा शेजारच्या खोलीतून ते ऐकत होता. चोरी करायला तो कदाचित मित्रांकडून शिकला असता. पण त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे त्याला घरानेच शिकवलं.

कुणी म्हणेल, पुस्तकात बघून लिहिलं तर त्यात चोरी कसली? आपल्याकडे खुल्या पुस्तकाच्या धार्मिक परीक्षा किती वर्षं चालू आहेत. चातुर्मासात प्रश्नांची पुस्तिका घरी येते, आपण महिनाभर ग्रंथ शोधून, एकमेकींना विचारून उत्तरं लिहितो. मला त्या परीक्षा फार आवडतात. तिथे पुस्तक उघडायची परवानगी दिलेली असते. चोरीला आपल्या शास्त्रात अदत्तादान म्हणतात, म्हणजे न दिलेलं घेणं. शब्द किती नेमका आहे बघा. वस्तू कसली, किती किमतीची, कुणी पाहिलं की नाही, याचा त्यात संबंधच नाही. दिली होती की नव्हती, एवढाच प्रश्न. चाचणीवर "पुस्तक न पाहता" लिहिलेलं असेल तर ते पुस्तक तेवढा तास आपलं नाही, मग ते आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं का असेना.

आता एक हसू येण्यासारखी गोष्ट. टाळेबंदीत आपल्या पाठशाळाही ऑनलाइन झाल्या होत्या. एका पाठशाळेने मुलांची परीक्षा गूगल फॉर्मवर घेतली, विषय पाच अणुव्रतं. पहिल्या तिघांना चांदीची नाणी. निकाल लागला तर जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. नाणी कुणाला द्यायची हा प्रश्न पडला, तेव्हा फॉर्म आधी कुणाचा आला ते वेळ पाहून ठरवलं. नंतर कळलं की उत्तरं आयांच्या ग्रुपवर फिरत होती. अचौर्य अणुव्रताचे अतिचार किती, या प्रश्नाचं उत्तरसुद्धा त्यात होतं.

त्या अतिचारांतल्या एकाचं नाव आहे हीनाधिकमानोन्मान. देताना कमी वजनाचं माप वापरायचं, घेताना जास्त वजनाचं. ही जुनी व्यापाऱ्यांची गोष्ट, आपला काय संबंध, असं पूर्वी मला वाटायचं. मार्कांच्या बाबतीत मला ती पहिल्यांदा नीट कळली.

माझ्या सासऱ्यांचं गावाकडे किराणा-भुसाराचं दुकान होतं. वजनमापाचे इन्स्पेक्टर येऊन वजनं तपासून त्यांवर छाप मारून जायचे. छाप नसलेलं वजन तराजूत टाकायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. पण धान्य तोलून झालं की ते हाताने मूठभर वर घालत. गिऱ्हाईक खूश. तर मार्क वाढवून देणाऱ्या शाळांबद्दलही लोक असंच म्हणतात, दिले असतील बाईंनी चार मार्क जास्त, मूठभर वर घातलं, बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं. सासरे मूठ घालत ती स्वतःच्या पोत्यातली. शाळेने घातलेली मूठ शाळेच्या पोत्यातली नव्हती. अकरावीच्या जागा तितक्याच होत्या. विलेपार्ल्याच्या, माटुंग्याच्या, विद्याविहारच्या ज्या कॉलेजांकडे आपल्या मुलांचे डोळे असतात, तिथल्या कॉमर्सच्या बाकांची संख्या कुणाच्या औदार्याने वाढत नाही. एकाला दिलेले पाच मार्क रांगेतल्या दुसऱ्याच्या पुढे उभे राहतात. आपल्यातल्या काहींना मायनॉरिटी कोट्याने हात दिला, पण त्या कोट्याच्या आतही रांग असतेच, आणि ती मार्कांचीच असते.

मला एक मुलगी माहीत आहे. नाव सांगत नाही, ती हे वाचेल. त्या वर्षी ती दहावीला होती. घरचं वळण कडक, आई शाळेत असताना स्वतः नेहमी पहिल्या बाकावर बसणारी. मुलीने सगळ्या चाचण्या कॅमेरा लावून, पुस्तक कपाटात ठेवून दिल्या. वर्गाच्या त्या ग्रुपमधून ती बाहेर पडली, म्हणून मैत्रिणींनी तिला शिष्ट ठरवलं. वर्गात नेहमी पहिल्या पाचांत असणाऱ्या या मुलीला मिळाले ८६. जिला ती गणित समजावून सांगायची, तिला ९६. निकालाच्या रात्री तिच्या आईचा मला फोन आला. रडत नव्हती, अगदी शांत आवाजात विचारत होती, "काकू, मी शेजारी बसायला हवं होतं का?"

मी तिला "नाही" म्हटलं. पण त्या एका शब्दाने तिचं समाधान होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. मुलीला हवं ते कॉलेज मिळालं नाही. त्या वर्षी सरकारने अकरावीसाठी सगळ्यांची एक सामायिक परीक्षा ठेवली होती, ऐच्छिक, २१ ऑगस्टला. ही मुलगी त्या परीक्षेसाठी उन्हाळाभर अभ्यास करत बसली होती. तिला वाटत होतं, तिथे तरी सगळे एकाच तराजूत जातील. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. कोर्टाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. परीक्षा नुसत्या राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर होती, बाकीच्या बोर्डांच्या मुलांवर तो अन्याय झाला असता, आणि साथही संपलेली नव्हती. पण माझ्या ओळखीच्या त्या मुलीने त्या दिवशी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली.

खरेपणाचं फळ तिला पुढे मिळालं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं काही झालेलं नाही. ती दोन स्टेशनं लांबच्या एका कॉलेजात गेली, २०२५ ला तिथेच शेवटच्या वर्षाला होती, बरी चालली होती. आणि तिलाही लोक कोविड बॅचच म्हणतात. खोट्या मापाचा हा दुसरा परिणाम. खोटी नाणी बाजारात आली की खऱ्या नाण्यालाही माणसं दातांनी चावून बघतात.

दुसरी एक मुलगी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची लेक, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली. घरात फोन एकच, तो रिक्षा चालवणाऱ्या वडिलांकडे. रिक्षा बंद होती तोवर फोन घरी होता. रिक्षा सुरू झाली आणि मुलीची शाळा बंद झाली. संध्याकाळी सातनंतर तिला वर्गातलं कळायचं. चाचण्या तिने दिल्या त्या अर्ध्या. कॉपी करायलासुद्धा दोन फोन लागतात, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. ती पासच झाली, त्या वर्षी सगळेच पास झाले, पण ज्यांच्या घरी दोन फोन, वायफाय आणि शिकलेली आई होती, त्यांनी वर आणखी वीस टक्के उचलून घेतले. आपण दानधर्म करताना अशाच मुलींना वह्या वाटतो.

आता जे म्हणतात, "माणसं मरत होती आणि तुम्ही मार्कांचं काय घेऊन बसलात," त्यांचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. एप्रिल २०२१ चे दिवस मला चांगले आठवतात. आपल्या समाजाच्या ग्रुपवर एकाखाली एक ऑक्सिजन सिलिंडरची विचारणा आणि श्रद्धांजल्या येत होत्या. परीक्षा रद्द केली ते योग्यच केलं. सगळ्यांना पास केलं तेही योग्य. त्या वर्षी कुणाचं मूल नापास करायची कुणाचीही लायकी नव्हती. माझा आक्षेप पास करण्याला नाही, दशांश चिन्हाला आहे. ज्याची परीक्षाच झाली नाही, त्याच्या गुणपत्रिकेवर ९७.४० लिहायचं कशाच्या जोरावर? नुसतं "उत्तीर्ण" किंवा फार तर श्रेणी लिहिली असती तर ते खरं माप झालं असतं. मग प्रवेश कसे दिले असते, असं विचाराल. अवघड गेलं असतं. पण निदान मुलांना आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे तरी खरं कळलं असतं.

शिक्षकांनाही मी सरसकट दोष देत नाही. कित्येकांना कोविडच्या ड्युट्या लागल्या होत्या, घरी स्वतःची मुलं, आणि रात्री मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठं करून करून साठ-साठ उत्तरपत्रिका तपासायच्या. माझी एक कॉलेजची मैत्रीण शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. ती मला म्हणाली, "उत्तरं एकसारखी दिसायची गं. चूकसुद्धा एकच, चाळीस जणांची. पण पुढच्या गल्लीतली शाळा वीसपैकी वीस देणार आणि आम्ही चौदा दिले तर आमच्याच मुलांचं नुकसान." मला हे पटतं आणि भीतीही याचीच वाटते. शेजारच्या दुकानदाराने वजन घासलं म्हणून आपणही घासायचं, हा हिशेब एकदा मान्य केला की बाजारात खरं वजन शिल्लकच राहत नाही. इन्स्पेक्टरच छाप मारून देत असेल तर मग विचारायलाच नको.

आणि माप खोटं असलं तरी माल खोटा होत नाही, तो जेवढा असतो तेवढाच राहतो. कधीतरी खरा तराजू समोर येतोच. २०२२ च्या दहावी-बारावीला बोर्डाने परीक्षा पुन्हा वर्गात घेतली, तेव्हा अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी करावा लागला, शक्यतो ज्याच्या त्याच्या शाळेतच केंद्र द्यावं लागलं आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून द्यावा लागला, कारण मुलांची लिहिण्याची सवयच मोडली होती. त्याआधी जानेवारीच्या शेवटी धारावीत मुलं रस्त्यावर उतरली होती, परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून. त्या मुलांना लोकांनी खूप नावं ठेवली. मला त्यांच्या तोंडावर राग कमी आणि घाबरलेपण जास्त दिसलं. पोहायला न शिकवता सर्टिफिकेट दिलं आणि एक दिवस म्हटलं, चला, मारा उडी.

२०२१ ची आपली ९९.९५ वाली बॅच बारावीला बसली २०२३ मध्ये. बोर्डाची खरी परीक्षा ती आयुष्यात पहिल्यांदाच देत होती. बारावीचा निकाल लागला ९१.२५ टक्के. वाईट नाही, चांगलाच म्हणायचा. पण दहावीला ज्या घरांत जवळजवळ शंभर टक्के लोक पेढे वाटत होते, त्यांतल्या बऱ्याच घरांत या वेळी दारं बंद होती. आपल्यातल्या कितीतरी मुलांनी मग सीएची पायरी धरली, कारण आपल्याकडे पंच्याण्णव टक्क्यांच्या मुलाने सीए व्हायचं असतं असा नियमच आहे. सीएची परीक्षा तर साथीतही घरून कधी झाली नाही, केंद्रावर जाऊनच द्यावी लागली. फाउंडेशनला पहिल्या फटक्यात बहुतेक जण पास होत नाहीत, हे पूर्वीपासूनचंच. पण पूर्वी नापास होणाऱ्या मुलाला माहीत असायचं की आपण साठ-सत्तर टक्क्यांचे आहोत, अजून मेहनत हवी. या मुलांना कागदावर सांगितलेलं होतं की तुम्ही सत्त्याण्णवचे आहात. मग नापास झाल्यावर त्यांना वाटतं, आपल्यात काहीतरी बिघाड झालाय. असे दोन मुलगे माझ्या नात्यात आहेत. एक वर्षभर खोलीबाहेर फारसा आला नाही. त्याची आई मला म्हणते, "ताई, हा दहावीला किती हुशार होता!" मी काय बोलणार? तो दहावीला किती हुशार होता, हे कुणी मोजलंच नव्हतं. ना त्याच्या शाळेने, ना त्याच्या आईने, ना त्याला स्वतःला मोजू दिलं.

म्हणून कुणी "कोविड बॅच" म्हणून हसलं की मला वाटतं, थांबा जरा. त्या मुलांना हसण्याचा हक्क कुणाला असेल तर त्या ८६ वाल्या मुलीला. ती हसत नाही.

हे जुनं उकरून काढायचं कारण, दोरी अजून डायनिंग टेबलावरच आहे. शाळा उघडल्या, पण घराने एकदा उचललेलं काम सोडलेलं नाही. प्रोजेक्ट तयार करून देणारी स्टेशनरीची दुकानं आपल्या प्रत्येक स्टेशनबाहेर आहेत, तिथे जूनपासून गर्दी असते. रांगेत उभ्या असतात त्या आया, मुलं नाहीत. आता निबंध चॅटजीपीटी लिहून देतं. परवा एकीने मला कौतुकाने दाखवलं, नातीचा "माझी आजी" या विषयावरचा निबंध. भाषा सुरेख. त्यातली आजी पहाटे उठून तुळशीला पाणी घालते आणि नातीला पुरणपोळी करून देते. ही आमची मैत्रीण पहाटे उठून सामायिक करते, आणि तिला गुडघ्यांमुळे गेली तीन वर्षं पुरण वाटता येत नाही. नातीला दहापैकी नऊ मिळाले. मी तिला म्हटलं, मुलीला तुझ्याजवळ बसव आणि तू काय काय करतेस ते विचारू दे, मग पाचच मार्क मिळतील पण तू तरी त्यात असशील. ती जरा रागावली माझ्यावर. रागावू दे, दोन दिवसांनी येईल.

आमच्या पाठशाळेपुरतं बोलायचं तर यंदा पर्युषणातली मुलांची परीक्षा फॉर्मवर घ्यायची नाही असं आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं आहे. मंदिराच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून, कागद-पेन्सिलने. नाणी नाहीत, नंबर नाहीत. तपासलेले पेपर मुलांच्या हातात द्यायचे, आयांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. ज्याला जे येत नाही ते त्याच आठवड्यात पुन्हा शिकवायचं, त्यासाठी दोन निवृत्त बाई तयार झाल्या आहेत, तिसरी हवी आहे. रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा. ज्यांना जमण्यासारखं असेल त्यांनी मला कळवा. आयांनी कृपया मुलांना हॉलच्या दारापर्यंतच सोडावं, आत चहाची सोय नाही.